गाडी वळायला जागा

जयवंत परबाच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि ती त्याने भर सभेत, पन्नास माणसांदेखत, हात जोडून, गोड बोलून केली. दारू पिऊन केली असती तर निदान दारूला नावं ठेवता आली असती.

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर, शंभरेक पायऱ्या चढून गेलं की डाव्या हाताला त्याची खोली. बाप गिरणीत होता. गिरणी गेली, बापही गेला, आणि जयवंतने लायसन काढून स्टेअरिंग धरलं. गेली बावीस वर्षं तो सतरा सीटर चालवतोय. मुलुंडच्या एका निसर्गप्रेमी ग्रुपची कायमची वर्दी त्याच्याकडे. दर रविवारी पहाटे दुर्बिणी लटकवलेली माणसं गाडीत भरायची आणि कुठल्यातरी घाटात, तलावाकाठी नेऊन सोडायची, हे त्याचं काम.

सुरुवातीला त्याला या लोकांची कीव यायची. एवढे शिकले-सवरलेले, पेन्शनवाले, रविवारी मस्त मटण आणून खायचं सोडून चिमण्या बघत का फिरतात? बायकोला, रुक्मिणीला, तो म्हणायचा, "पैसा जास्त झाला की माणूस असं काहीतरी करतो." पण बावीस वर्षं म्हणजे काही कमी नव्हेत. ऐकून ऐकून त्याला नावं पाठ झाली, मग आवाज ओळखू यायला लागले, आणि एक दिवस गाडी चालवता चालवता तो मागे वळून न बघता म्हणाला, "डावीकडे तांबट बोलतोय, थांबवू का?" तेव्हापासून ग्रुपमध्ये त्याचा मान वाढला. ग्रुपचे प्रमुख मधुकर सहस्रबुद्धे, बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याला स्वतःची जुनी दुर्बीण दिली.

त्याच दुर्बिणीतून त्याने एकदा, एका घाटात, सगळे श्वास रोखून बघत होते तो पक्षी पाहिला. काळापांढरा, भली मोठी पिवळी चोच, चोचीवर शिंगासारखा उंचवटा. मधुकरराव हळूच म्हणाले, "धनेश. हा दिसावा म्हणून माणसं कुठून कुठून येतात, जयवंत."

"हा?" जयवंत जवळजवळ ओरडलाच. "अहो साहेब, हा तर ककणेर! आमच्या देवाच्या राईत, देवळासमोरच्या बेहड्यावर दर वर्षी असतो. आम्ही पोरं त्याच्या खाली गोट्या खेळायचो!"

गाडीतले सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, की जणू त्याने खिशातून सोनं काढलंय. तिथून त्याच्या डोक्यात शिरलं, या लोकांना गावी न्यायचं.

आता त्याला ते का हवं होतं, हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल की गडी पैशाच्या मागे लागला. कोळगिरे हे त्याचं गाव. वाडीत चौदा घरं, त्यातल्या अकरांना कुलूप. गणपतीत आठ दिवस उघडायची, मग पुन्हा वाळवी आणि उंदीर. बारमाही उघड्या तिघांत एक परबांचं, कारण त्यात सुगंधा वहिनी राहायची. जयवंतच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाताना जयवंतचा हात धरून म्हणाला होता, "घराक कुलूप लावू नको." जयवंतने मान हलवली होती. पण मान हलवून घर उघडं राहत नाही. वहिनी साठीला टेकली होती. बाकीची दोन उघडी घरं वाडीच्या दुसऱ्या टोकाला, बाजूला बोलायला माणूस नाही, आणि चार काजूची झाडं वानरं ओरबाडतात. दर फोनला ती म्हणायची, "भावजी, एकटीन किती दिवस काढूचे? औंदा नाय तर फुडल्या वर्षी मी येतंय थंय."

म्हणून जयवंतने मनाशी गणित मांडलं. जानेवारी ते मे, महिन्यातून दोनदा, बारा-बारा पाहुणे. घरातच उतरायचं, सारवलेल्या अंगणात जेवायचं, वहिनीच्या हातचं. सकाळी राईत जायचं, बेहड्यापासून चाळीस पावलं लांब बसायचं, आवाज करायचा नाही. घराला माणसं, वहिनीला कामधंदा, आणि पाच-सात वर्षांत स्टेअरिंग सोडून तो आणि रुक्मिणी तिकडेच. मधुकरराव एका अटीवर तयार झाले. "जयवंत, तिथे काहीही बांधायचं नाही. जे आहे ते तसंच ठेवायचं. आम्हाला तेच बघायचंय."

"काय बांधणार साहेब? आहे तेच झकास आहे."

तर हे झालं त्याच्या मनातलं. पण कोकणातल्या गावाचं एक असतं, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याने कोकणात काही करायला जाऊ नये. गाव तिकडे, आणि गावाचं डोकं इकडे, उपनगरांत. कोळगिरे ग्रामस्थ मंडळ, मुंबई, याची सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात भरते. जोगेश्वरीहून, चेंबूरहून, कुर्ल्याहून माणसं येतात, तिसरीच्या पोरांच्या बाकड्यांत गुडघे मोडून बसतात, आणि साडेचारशे किलोमीटरवरच्या विहिरीला कठडा बांधायचा की नाही हे ठरवतात. गावात उरलेल्यांना नुसतं कळवलं जातं.

मंडळाचा सरचिटणीस अनंत राणे. जोगेश्वरीला त्याचा केटरिंगचा धंदा. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. कोणाच्या घरी मयत झालं की सगळ्यात आधी अनंत पोचणार. जयवंतचा बालमित्र. असा माणूस शत्रू असता तर बरं झालं असतं, असं जयवंतला पुढे अनेकदा वाटलं.

सभेत जयवंत उठून बोलला. छान बोलला. बावीस वर्षं मधुकररावांचं भाषण ऐकलेला माणूस तो. म्हणाला, आपली राई म्हणजे खजिना आहे, लोक लांबून येतील, बंद घरं उघडतील. पहिल्यांदा शंका निघाल्या. बाहेरची माणसं देवाच्या राईत जाणार? चपला घालून? काही वावगं झालं तर देवाचा कोप कोणावर? मागच्या बाकावरचा एक म्हातारा तर म्हणाला, "ककणेर बघूक पैसे देतत? मगे आमचो कावळो काय फुकट?" सगळे हसले.

सभा हातातून सुटतेय असं बघून जयवंत म्हणाला, "मग देवालाच विचारूया. जत्रेला कौल लावू. देव नाही म्हणाला तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

कौल म्हटल्यावर वाद संपला. कोळगिऱ्यात देवाच्या कौलापुढे कोणी जात नाही, आणि ज्याने कौल मागितला त्याने तर तो मोडायचाच नाही, मग तो अंगावर का येईना.

आणि मग अनंतने, अगदी आपुलकीने, विचारलं, "बरं, देवान हो म्हटल्यान तर गाडी येतली कशी? तू ड्रायव्हर, तू सांग."

जयवंतमधला ड्रायव्हर जागा झाला. कोणी धंद्याचं विचारलं की माणसाला बरं वाटतं, तसं त्यालाही वाटलं. म्हणाला, "रस्ता आहे रे देवळापर्यंत. फक्त सतरा सीटर वळायला जागा नाही. तेवढी बघावी लागेल."

त्याच्या डोळ्यांसमोर होता तो फाटा, देवळाच्या अर्धा किलोमीटर आधी, जिथे पडीक खळं आहे. तिथे चार दगड हलवले की झालं. पण तसं तो बोलला नाही. ज्याला जागा माहीत आहे त्याला ती कुठली हे सांगायचं सुचतच नाही. अनंतने वहीत लिहून घेतलं.

मार्गशीर्षात जत्रा झाली. रवळनाथाच्या पाषाणाला गुरवाने ओल्या पाकळ्या चिकटवल्या, सगळा गाव आणि निम्मी मुंबई हात जोडून उभी. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं सुरू झालं, "बा देवा म्हाराजा, पावणेरावळे तुझ्या राईत येतले, त्येंका सांभाळून घेशीत..." आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" जयवंतचा आवाज सगळ्यांत वर. पाकळी काही केल्या पडेना. वहिनी खांबाला टेकून उभी होती, तिने डोळे मिटून घेतले होते. मग अलगद उजवी पाकळी पडली. जयवंत लहान पोरासारखा रडला हो, खोटं कशाला सांगू!

त्याच आनंदात अनंत पुढे झाला. म्हणाला, "आता पाहुणे येणार, आणि देव असा गळक्या कौलांखाली? देवाचं घर नीट करायला देवाची परवानगी घेऊन टाकू." दुसरा कौल लागला. ही पाकळी तर क्षणात पडली, उजवीच. "व्हय म्हाराजा!" जयवंतही म्हणाला. त्याला वाटलं, कौलं बदलतील, रंग देतील. चांगलंच आहे की.

त्यानंतरचे दोन महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. वहिनीने बाजारातून स्टीलची बारा ताटं आणली, त्यांवर परबांचं नाव कोरून घेतलं. फोनवर ती रुक्मिणीला विचारायची, "त्या लोकांक तिखट चलात मां? घावणे करू की आंबोळ्यो?" तिचा आवाजच बदलला होता. येतंय म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी तिचा फोन आला, "भावजी, ककणेर इलो. मादी ढोलीत बसली. तोंड लिंपून घेतल्यान."

हे या पक्ष्याचं खास. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवून. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. अंडी, पिल्लं, सगळं होईपर्यंत नर तिला बाहेरून भरवतो. जयवंतने मधुकररावांना कळवलं. बारा जणांची नावं आली. शिमगा झाला की दुसरा रविवार ठरला.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी जयवंत ग्रुपला घेऊन कर्जतकडे गेला होता. गाडी चालवताना तो फोन घेत नाही, हा त्याचा नियम. खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. गाडी लावून त्याने बघितलं तर वहिनीचे नऊ मिस कॉल. आणि मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ. वर लिहिलेलं, 'विकासकामाचा शुभारंभ! देव बरे करो!' आणि फुलं, फटाके, हात जोडलेली चित्रं.

व्हिडिओत जेसीबी होता. नारळ फुटला. मग करवतीचा आवाज, आणि चार माणसांच्या कवेत न मावणारा तो बेहडा आधी नुसता थरथरला, मग कलला. मागे कोणीतरी ओरडत होतं, "बाजूक व्हा रे, बाजूक व्हा!" झाड पडल्यावर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत एका बाईचं ओरडणं ऐकू येत होतं, ते वहिनीचं होतं.

त्याने फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, "भुतूर मादी होती हो. पिसां झडलेली. मी सांगलंय त्येंका, ढोली रिकामी न्हय, रिकामी न्हय. म्हणाले, देवाचो कौल आसा, वहिनी, तू आडी येव नको."

मधुकररावांनी गाडीबाहेरून विचारलं, "काय जयवंत, घरी सगळं ठीक ना?" जयवंतने व्हिडिओ पुन्हा लावला. त्याने फोनच त्यांच्या हातात दिला.

पुढच्या सभेला तो गेला तो भांडायचं ठरवूनच. बाकांवर गुडघे मोडून सगळे बसले होते. फळ्यावर नव्या देवळाचं चित्र चिकटवलेलं. स्लॅबचं देऊळ, गुलाबी कळस, पुढे पेव्हर ब्लॉकचं मोठं गोल अंगण.

"अनंता, वाट लावलीस रे तू गावाची," जयवंत दारातूनच ओरडला. "झाड का तोडलंत? कोणाला विचारून तोडलंत?"

अनंत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याला खरोखरच लागलं होतं. "काय बोलतोस जयवंता? तुझ्यासाठीच तर केलं ना रे!" आणि त्याने वही उघडली, पान शोधलं, मोठ्याने वाचलं. "ठराव दुसरा. देवळापाशी सतरा आसनी गाडी वळण्यास जागा करणे. सूचक, जयवंत परब. एकमताने मंजूर."

अनंतने वही त्याच्यापुढे धरली.

"फाट्यावर म्हणालो होतो मी," जयवंत म्हणाला. पण तसं तो म्हणाला नव्हता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"फाट्यावर? पाहुण्यांना अर्धा किलोमीटर उन्हातून चालवायचं? म्हातारी माणसं येणार म्हणालास ना तूच? मी जेसीबीवाल्याला तीनदा विचारलं, सतरा सीटर एका दमात फिरेल ना? फिरते. बघ तू येऊन. आणि पक्ष्याचं काय एवढं, राईत झाडं काय कमी आहेत? दुसऱ्या झाडावर बसेल."

जयवंत बाकावर बसला. कोणावर ओरडणार? यात लबाड कोणीच नव्हता. ज्याने वर्गणी काढायला दारोदार फिरून चपला झिजवल्या, त्यानेच झाड पाडलं होतं. सभेच्या शेवटी, पर्यटनाची कल्पना मांडल्याबद्दल, मंडळाने जयवंतच्या खांद्यावर शाल घातली. आधीच ठरलेलं होतं, शाल आणलेली होती. त्याने ती काढून फेकायला हवी होती. त्याने नारळसुद्धा हातात घेतला.

मधुकररावांचा फोन सभ्य होता. बारा जण आता येणार नव्हते. "तक्रार करा, जयवंत. परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. मी अर्ज लिहून देतो." जयवंतने अर्ज घरी आणला आणि दोन दिवस टीव्हीखाली ठेवला. शेवटी रुक्मिणीच बोलली. "कोणावर तक्रार करणार अहो? सूचक म्हणून पहिलं नाव तुमचंच येईल. आणि उद्या आपल्या घरात कोणी मेलं तर खांदा द्यायला कोण येणार? मधुकर साहेब येतील?" तिचं खरं होतं, म्हणूनच ते जयवंतच्या जिव्हारी लागलं. अर्ज तसाच राहिला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सुगंधा वहिनी आली. जयवंत हायवेला बस थांबते तिथे घ्यायला गेला. एक पिशवी, एक गोणपाटात बांधलेलं बोचकं. बोचकं उचलताना आत ताटं वाजली. पायऱ्या चढताना ती तीनदा थांबली.

रुक्मिणीने चहा दिला. पहिला घोट घेऊन वहिनी कोणाकडेच न बघता सांगायला लागली. "नर येय सकाळचो. तोंडात उंबर घेवन. बसाक फांदी नाय, काय नाय. मोकळ्यात घिरट्यो घाली, मगे उंबर तसोच घेवन जाय. दुसऱ्या दिवशी परत. अकरा दिस. मी ओटीर बसान बघी. म्हटलंय, कोणीतरी सांगूक व्हया त्येका. पण कोण सांगतलो?" तिने पदराने तोंड पुसलं. "बाराव्या दिवशी नाय इलो. मगे माका थंय ऱ्हवाक जमला नाय, भावजी. कुलूप लावलंय."

पदराच्या गाठीतून किल्ली काढून तिने जयवंतच्या हातावर ठेवली. भावाचा तो शेवटचा शब्द दोघांनाही आठवत होता. जयवंत त्या किल्लीकडे बघत राहिला आणि त्याला ढसाढसा रडू फुटलं, बायकोसमोर, वहिनीसमोर. वहिनी म्हणाली, "गप ऱ्हवा." पण ते समजावण्यासारखं नव्हतं, थकून म्हटलेलं होतं.

आता कोळगिऱ्यात त्या वाडीत बारा घरांना कुलूप आहे. देऊळ पुरं झालंय, कळस लांबून दिसतो. पुढचं गोल अंगण खरंच मोठं आहे. गणपतीत गावची पोरं तिथे मोटरसायकली फिरवतात. पाहुण्यांची गाडी अजून एकही आलेली नाही. अनंत दर सभेला विचारतो, "तुझी ती मुलुंडची माणसं कधी येतायत?" तो टोमणा मारत नसतो, खरंच वाट बघत असतो.

परवाच्या रविवारी जयवंत ग्रुपला घेऊन माळशेजकडे गेला होता. पोट भरायचं तर स्टेअरिंग सोडून चालत नाही. घाटाच्या एका वळणावर मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "थांबवा, थांबवा!" समोरच्या उंबरावर काळापांढरा नर बसला होता, चोचीत फळ धरून. सगळे पटापट उतरले.

मधुकरराव खिडकीशी आले. गेलं वर्षभर ते जयवंतशी थोडं जपूनच बोलतात. आपली दुर्बीण गळ्यातून काढून त्यांनी पुढे केली. "या ना जयवंत. बघा तरी. जवळ आहे."

जयवंतने हात स्टेअरिंगवरून काढला नाही.

"तुम्ही बघा साहेब," तो म्हणाला. "मी तोवर पुढे जाऊन गाडी वळवून आणतो."